पीएचपीत डेटाबेसमधली एकच नोंद आणताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या चादरी-टॉवेलच्या कारखान्यांसाठी मी चलन (मालाबरोबर पाठवायचा कागद), बिल आणि उधारीची छोटी सॉफ्टवेअरं लिहितो. संध्याकाळी डिप्लोमा आणि बीसीएच्या मुलांना पीएचपी शिकवतो. टेबलमधल्या सगळ्या नोंदींची यादी दाखवणारं पान मुलं दुसऱ्याच दिवशी करून आणतात. त्या यादीतल्या एका ओळीवर क्लिक केल्यावर तेवढीच नोंद उघडायची, इथे मात्र अडतात. त्यांचे प्रश्न ते विचारतात तसेच खाली घेतले आहेत.

उदाहरणं सगळी 'चलन' नावाच्या एकाच टेबलची आहेत. त्यात आयडी, चलन क्रमांक, आर्थिक वर्ष, पार्टीचा आयडी, तारीख, गाठी, रक्कम आणि शेरा असे कॉलम आहेत. कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना ते रोमन लिपीतच करायचे.

एकच नोंद हवी आहे. नेमकं काय लिहायचं?

पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलण्याची एक सोय) वापरत असाल तर आधी क्वेरी लिहा: सिलेक्ट, मग हवे ते कॉलम, फ्रॉम चलन, व्हेअर आयडी बरोबर प्रश्नचिन्ह. ही क्वेरी 'प्रिपेअर'ला द्या. त्यातून एक स्टेटमेंट हातात येतं. त्याच्यावर 'एक्झिक्यूट' चालवा आणि प्रश्नचिन्हाच्या जागी जायचा आयडी त्याला एका अ‍ॅरेत घालून द्या. मग त्याच स्टेटमेंटवर 'फेच' एकदाच चालवा. नोंद असेल तर ती अ‍ॅरे म्हणून मिळते, नसेल तर 'फॉल्स' मिळतं. जे मिळालं ते तपासा आणि मगच त्यातली रक्कम, तारीख वगैरे वापरा.

तपासण्याची ही शेवटची पायरी बहुतेकांच्या वहीत नसते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पण सरांनी तर व्हाइल लूप शिकवला होता. तो लावायचा नाही का?

नाही. 'फेच'ला प्रत्येक वेळी हाक मारली की पुढची एक ओळ मिळते आणि ओळी संपल्या की 'फॉल्स' मिळतं. यादी दाखवताना ओळी किती येतील हे माहीत नसतं, म्हणून लूप लागतो. इथे एकच ओळ येणार आहे, तर एकच हाक पुरते. लूप लावला तरी पान चालतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण ओळच आली नाही तर लूपच्या आत शिरणंच होत नाही, पान गप्प राहतं आणि नोंद सापडली नाही हे कुणालाच कळत नाही.

नोंद सापडलीच नाही तर काय होतं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

'फेच'नं 'फॉल्स' दिलं आणि तुम्ही ते न बघता त्यातली रक्कम मागितली, तर पीएचपी थांबत नाही. ७.४ आवृत्तीपासून ते एक नोटीस देतं, ८.० पासून वॉर्निंग देतं, आणि पुढे चालू लागतं. ७.४ च्या आधी तर तेवढंही सांगत नसे. सर्व्हरवर चुका पडद्यावर दाखवणं बंद ठेवलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे वापरणाऱ्याला फक्त एक नीटनेटकं, रिकामं पान दिसतं. चौकटी आहेत, लोगो आहे, 'एकूण रक्कम' हे शब्द आहेत, पुढे आकडा नाही.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत असंच एक छपाईचं पान मी एका कारखान्याला दिलं होतं. तिथल्या मुलानं घाईत ११८४ ऐवजी ११४८ टाकलं. त्या क्रमांकाचं चलन नव्हतं. पानानं कोरं चलन छापलं, गाडी भरून निघाली, आणि माल उतरवताना कागदावर पार्टीचं नावच नाही हे समजलं. त्या मुलाला बोलणी बसली. चूक माझ्या कोडची होती, हे मी मालकांना जाऊन सांगितलं. त्या दिवसापासून 'फेच'च्या खालची ओळ 'नोंद मिळाली का' हीच असते. ती लिहिल्याशिवाय मी पुढचं काही लिहीत नाही.

नोंद न मिळाल्यावर काय करायचं हे पान कशासाठी आहे यावर ठरवा. नुसतं बघायचं पान असेल तर ४०४ ('सापडलं नाही') हा स्टेटस पाठवा आणि स्पष्ट लिहा: '११४८ क्रमांकाचं चलन सापडलं नाही.' टाकलेला क्रमांक संदेशात पुन्हा दाखवा, म्हणजे आकडे उलटसुलट झालेत हे माणसाला स्वतःलाच दिसतं. दुरुस्तीचा फॉर्म असेल तर नोंद नसताना तो उघडूच देऊ नका. रिकामा फॉर्म दिसला की कुणीतरी तो भरतो, 'सेव्ह' दाबतो, आणि बदल झाला असं समजून उठतो. अपडेटनं मात्र शून्य ओळी बदललेल्या असतात. आणि नोंद नसणं शक्यच नाही अशी जागा असेल, म्हणजे चलनावरून त्याची पार्टी शोधताना वगैरे, तर सरळ एक्सेप्शन फेका, म्हणजे चूक जाहीर करून काम तिथेच थांबवा. तिथे नोंद नसेल तर डेटा बिघडलेला आहे आणि ते लगेच कळायला हवं.

लिमिट १ लावायचंच का?

लिमिट १ म्हणजे एकच ओळ मागणं. व्हेअरमध्ये प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, इथे आयडी) असेल तर गरज नाही. एका आयडीची ओळ एकच असते. लावलं तरी नुकसान नाही.

नुकसान होतं ते एकापेक्षा जास्त ओळी सापडू शकतात अशा ठिकाणी. तिथे लिमिट १ लावणं म्हणजे 'यातली कुठलीही एक दे' असं डेटाबेसला सांगणं. ऑर्डर बाय (ओळींचा क्रम ठरवणारा भाग) नसेल तर कुठली ओळ आधी येईल याची हमी कुठलाच डेटाबेस देत नाही. चाचणी घेताना दहा वेळा बरोबर येते. मग एखादा इंडेक्स बदलतो, टेबल मोठं होतं, आणि अकराव्या वेळी दुसरीच येते.

पार्टीचं शेवटचं चलन हवं असेल तर तारीख उतरत्या क्रमानं लावा आणि लिमिट १. पण एका पार्टीची एका दिवसात तीन चलनं निघतात, मग तारीख सारखी असलेल्यांत शेवटचं कुठलं? म्हणून तारखेच्या मागे आयडीही उतरत्या क्रमानं लावा. ऑर्डर बायमधल्या शेवटच्या कॉलमनं बरोबरी सुटलीच पाहिजे.

एक युक्ती सांगतो, मला ती फार उपयोगी पडली आहे. नोंद एकच असायला हवी अशी खात्री आहे पण टेबलवर तसा नियम लावलेला नाही, अशा जुन्या डेटात लिमिट १ ऐवजी लिमिट २ लावा. पहिली ओळ घ्या, मग 'फेच' आणखी एकदा चालवा. दुसरी ओळही मिळाली तर काम थांबवा आणि माणसाला विचारा.

नोंद 'एकच' आहे हे ओळखायचं कशावरून? चलन क्रमांकावरून चालेल?

एकट्या क्रमांकावरून नाही. कारखान्यात १ एप्रिलला नवीन पुस्तक सुरू होतं आणि क्रमांक पुन्हा १ पासून येतात. दोन वर्षांचा डेटा साठला की '४७ नंबरचं चलन' म्हटल्यावर दोन चलनं सापडतात. पहिल्या वर्षी सॉफ्टवेअर उत्तम चालतं आणि दुसऱ्या एप्रिलनंतर तक्रारी येतात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

इथे नोंद ओळखली जाते ती चलन क्रमांक आणि आर्थिक वर्ष या जोडीवरून. टेबल बनवतानाच या दोन कॉलमवर मिळून एक युनिक इंडेक्स लावा. मग दुसरी तशी ओळ आत शिरूच शकत नाही. कोडमध्ये कितीही तपासण्या लिहिल्या तरी हा नियम डेटाबेसमध्ये असण्याची सर त्यांना येत नाही. क्वेरी लिहायला बसण्याआधी मी मुलांना एकच विचारतो: ही नोंद एकच आहे असं तुला कोण सांगतंय? उत्तर 'युनिक इंडेक्स' असेल तर पुढे जा. 'तसंच असणार' असं असेल तर थांब.

पार्टीच्या नावानं शोधलं तर काय बिघडतं?

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागधारकांची यादी काढून बघा. श्रीनिवास, अंबादास, नरसय्या, व्यंकटेश ही नावं घराघरात आहेत. आडनावासकट सारखी नावं असलेले दोन गिऱ्हाईक एकाच दुकानाच्या वहीत निघतात. त्यात 'व्यंकटेश' कुणी 'वेंकटेश' लिहितो, कुणी 'व्यंकटेश्वर'. मूळ तेलुगू नाव मराठीत लिहिताना प्रत्येक कारकुनाची पद्धत वेगळी.

शिवाय देवनागरीत दिसायला सारखं अक्षर आत वेगळं साठवलेलं असू शकतं. 'कुऱ्हाडे'मधला अर्धा ऱ काही कीबोर्ड नुक्त्याच्या र पासून करतात, काही साध्या र ला एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन करतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. डेटाबेस ते एकच मानेल की नाही, हे तुम्ही निवडलेल्या कोलेशनवर (अक्षरांच्या तुलनेच्या नियमांवर) ठरतं.

नाव वापरा ते यादी गाळायला. यादीत पत्ता किंवा पेठ शेजारी दाखवा, माणसाला त्यातला एक निवडू द्या, आणि निवडल्यावर नोंद आणा ती आयडीवरूनच.

आयडी थेट क्वेरीत चिकटवला तर काय होतं? माझं तर चालतं.

चालतंच. यूआरएलमध्ये आयडी बरोबर ७ असतो तोवर चालतं. तिथे कुणी '७ ऑर १ बरोबर १' असं टाकलं की अट नेहमीच खरी ठरते आणि एका नोंदीऐवजी सगळं टेबल उघडं पडतं. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. प्रिपेअर आणि प्रश्नचिन्ह वापरलं की आलेली किंमत ही किंमतच राहते, क्वेरीचा भाग होत नाही.

टेबलचं किंवा कॉलमचं नाव मात्र प्रश्नचिन्हानं देता येत नाही. ते बाहेरून घ्यायची वेळ आलीच तर चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्ये ठेवा आणि आलेलं नाव त्या यादीत आहे का ते बघा.

प्रश्नचिन्हाभोवती अवतरणचिन्हं द्यायची?

नाही. दिली तर ते नुसतं '?' हे अक्षर होतं आणि किंमत बसवायला जागाच राहत नाही.

फेच, फेचऑल आणि फेचकॉलम यांत कोणतं घेऊ?

पूर्ण ओळ हवी तर 'फेच'. 'फेचऑल' ओळींची यादी देतं. एकच ओळ आली तरी ती यादीच्या आत शून्य क्रमांकावर असते. मुलं 'फेचऑल' लावून सरळ 'रक्कम' मागतात आणि अशी 'की' म्हणजे असं नाव यात नाही, ही वॉर्निंग आली की कॉलमचं स्पेलिंग तपासत बसतात. स्पेलिंग बरोबर असतं, एक पायरी आत उतरायचं राहिलेलं असतं.

'फेचकॉलम' एकच किंमत देतं. एकूण उधारी किंवा चलनांची संख्या आणायला ते फार सोयीचं. पण ओळ नसेल तर तेही 'फॉल्स' देतं. उधारी ० असणं आणि नोंदच नसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून तिथे तुलना तीन बरोबरच्या चिन्हांनी करा. दोन चिन्हांनी केली तर ० आणि 'फॉल्स' एकच ठरतात. आणखी एक: बेरजेसाठी 'सम' लावलेली क्वेरी, 'ग्रुप बाय' नसेल तर, एक ओळ नेहमीच देते. जुळणारं चलन एकही नसेल तर त्या ओळीत 'नल' (किंमतच नाही) असतो.

मायएसक्यूएलआयमध्ये हेच कसं करायचं?

मायएसक्यूएलआय ही फक्त मायएसक्यूएलसाठीची, पीडीओसारखीच सोय. तिच्यात प्रिपेअर, मग बाइंड पॅरम (पूर्णांकासाठी 'आय', मजकुरासाठी 'एस'), मग एक्झिक्यूट, मग गेट रिझल्ट, आणि शेवटी फेच असोक. पीएचपी ८.१ पासून एक्झिक्यूटलाच अ‍ॅरे देता येतो आणि ८.२ मध्ये 'एक्झिक्यूट क्वेरी' आल्यापासून सगळं एका ओळीत होतं. फरक एक लक्षात ठेवा: ओळ नसेल तर इथे 'फॉल्स' नाही, 'नल' मिळतो. पीडीओचा कोड इकडे आणताना तीन चिन्हांची 'फॉल्स'शी तुलना तशीच राहिली, तर तपासणी असूनही पकडत काहीच नाही.

मी स्वतः पीडीओ सुचवतो. प्रश्नचिन्हांऐवजी नावं देता येतात, आणि उद्या पोस्टग्रेएसक्यूएलवर जायची वेळ आली तर पीएचपीची बाजू फारशी बदलत नाही.

माझ्याकडच्या नोट्समध्ये मायएसक्यूएल फेच अ‍ॅरे आहे. ते का चालत नाही?

'मायएसक्यूएल अंडरस्कोर'नं सुरू होणारी ती फंक्शन्स २०१३ मध्ये पीएचपी ५.५ पासून बाद ठरवली गेली आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० मधून काढूनच टाकली. पण झेरॉक्सच्या दुकानांत त्या नोट्स अजून फिरतात आणि मुलं पैसे मोजून त्या घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या पद्धतीत प्रश्नचिन्हाची सोयच नव्हती. त्या नोट्स बाजूला ठेवा.

प्रत्येक किंमत दोनदा का दिसते?

पीडीओ मुळात प्रत्येक किंमत कॉलमच्या नावानंही देतं आणि क्रमांकानंही. जोडणी करतानाच नेहमीचा फेच मोड 'असोक' (फक्त कॉलमच्या नावानं) करून ठेवा.

पान पांढरं येतं, एररही दिसत नाही.

पीएचपी ८.० च्या आधी पीडीओ चुकीची क्वेरी असली तरी आपणहून गप्प राहायचं. जोडणीवेळी एरर मोड 'एक्सेप्शन' करा. ८.० पासून तो आपोआप तसाच असतो, मायएसक्यूएलआयमध्ये ८.१ पासून. स्वतःच्या मशीनवर चुका पडद्यावर दिसू द्या, सर्व्हरवर त्या लॉग फाइलमध्ये जाऊ द्या.

रोकाउंटनं ओळ आली का ते तपासू?

सिलेक्टसाठी त्यावर भरवसा ठेवू नका. मायएसक्यूएलवर तो सहसा बरोबर आकडा देतो, पण सगळ्या डेटाबेसवर देईलच असं नाही. तसाही 'फेच' करायचाच आहे, त्याचंच उत्तर बघा.

नोंद आहे की नाही एवढंच बघून, नसेल तर नवीन घालायची आहे.

बघायला 'सिलेक्ट १' आणि त्याच अटी पुरेशा आहेत. पण 'आधी बघा, मग घाला' यात एक फट आहे. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत दुकानात गर्दी असते, दोन काउंटरवर दोघं एकाच क्षणी बिल करतात. दोघांनाही 'नोंद नाही' असं उत्तर मिळतं आणि दोघंही ती घालतात. पुढचा क्रमांक 'सगळ्यात मोठा अधिक एक' असा काढणाऱ्यांचंही हेच होतं, एका क्रमांकाची दोन बिलं निघतात. वर सांगितलेला युनिक इंडेक्स इथे कामी येतो. सरळ नोंद घाला. आधीच असेल तर डेटाबेस एक्सेप्शन देईल, मायएसक्यूएलवर त्याचा एसक्यूएलस्टेट (चुकीचा सांकेतिक क्रमांक) २३००० असतो. तो पकडा आणि पुढचा क्रमांक घेऊन पुन्हा प्रयत्न करा.

यूआरएलमधला आकडा बदलला की दुसऱ्या पार्टीचं चलन दिसतं. हे कसं थांबवू?

पार्टींना लॉगिन दिलं असेल तर नुसता आयडी पुरत नाही. व्हेअरमध्ये 'आयडी बरोबर हा आणि पार्टीचा आयडी बरोबर तो' अशा दोन्ही अटी घाला. पार्टीचा आयडी सेशनमधून (लॉगिननंतर सर्व्हरनं जपलेल्या माहितीतून) घ्या, यूआरएलमधून कधीच नाही. दुसऱ्याची नोंद मागितली तर ती 'सापडली नाही' असंच उत्तर जाऊ द्या. कुणाला कुठल्या भावानं माल गेला हे शेजारच्या कारखान्याला दिसणं ही धंद्यातली फार मोठी गोष्ट आहे. प्रिपेअर वापरणारी हुशार मुलंही ही अट विसरतात.

आणि नोंद पानावर दाखवताना शेरा, नाव असा मजकूर 'एचटीएमएल स्पेशल कॅरेक्टर्स' या फंक्शनमधून काढूनच छापा. शेऱ्यात कुणी स्क्रिप्ट टाकली असेल तर ती चालणार नाही, नुसती दिसेल.

मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

जोडणीच्या डीएसएनमध्ये (डेटाबेसचा पत्ता सांगणाऱ्या ओळीत) कॅरेक्टर सेट 'यूटीएफ८एमबी४' द्या, टेबलही त्याच सेटचं ठेवा. मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ८' तीन बाइटपर्यंतचीच अक्षरं घेतो. देवनागरी त्यात मावते, इमोजी मावत नाहीत. प्रश्नचिन्हं म्हणून साठला गेलेला मजकूर परत येत नाही, म्हणून हे पहिल्याच दिवशी करा.

मजकुराच्या कॉलममध्ये ० शोधलं तर भलतीच नोंद आली.

मायएसक्यूएल मजकूर आणि आकडा यांची तुलना करताना मजकुराचा आकडा करतं. 'ए-१२' सारख्या, आकड्यानं सुरू न होणाऱ्या मजकुराचा ० होतो, मग तो ० शी जुळतो. अशा तुलनेत त्या कॉलमचा इंडेक्सही वापरता येत नाही. कॉलम मजकुराचा असेल तर किंमतही मजकूर म्हणूनच द्या.

दोघांनी एकच चलन उघडलं आणि दोघांनी बदललं तर?

शेवटी 'सेव्ह' दाबणाऱ्याचं राहतं, पहिल्याचं पुसलं जातं. टेबलमध्ये 'आवृत्ती' नावाचा एक पूर्णांकी कॉलम ठेवा. नोंद आणताना तोही आणा आणि फॉर्ममध्ये लपवून ठेवा. अपडेट करताना व्हेअरमध्ये आयडीबरोबर ती आवृत्तीही घाला आणि त्याच क्वेरीत आवृत्ती एकनं वाढवा. बदललेल्या ओळींची संख्या शून्य आली तर मधल्या वेळात कुणीतरी ती नोंद बदलली आहे. मग नोंद पुन्हा आणा आणि दोन्ही बदल शेजारी दाखवून माणसाला ठरवू द्या. अपडेटनंतर बदललेल्या ओळी मोजायला 'रोकाउंट' चालतं, ते त्याच कामाचं आहे.